आडात होते, पोहऱ्यात आले नाही

गरीब देशांच्या विकासाची चर्चा निघाली की आपल्याकडे एक म्हण पुरावा म्हणूनच पुढे केली जाते: आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? देशाचे उत्पन्न आधी वाढू द्या. दवाखाने, शाळा, स्वच्छ पाणी, मुलांचे पोषण हे सगळे त्यामागून येईल, असा तिचा आशय. अर्थसंकल्पावरच्या परिसंवादांत हे ऐकू येते, अग्रलेखांत वाचायला मिळते. दोन देशांची तुलना करणाऱ्या तक्त्यांत दरडोई उत्पन्नाचा रकाना हटकून पहिला का असतो, याचेही कारण हेच. हे मत मांडणारे लोक निर्बुद्ध नाहीत आणि निर्दयही नाहीत. पण त्यांचे मत चूक आहे, आणि ही चूक मुलांच्या जिवावर बेतणारी असल्यामुळे केवळ सौजन्य म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणे मला जमत नाही.

पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडतो. जगातल्या देशांचे दरडोई उत्पन्न आणि सरासरी आयुर्मान एका आलेखावर घेतले तर चढती रेषा मिळते. श्रीमंत देशांतली माणसे जास्त जगतात. हा योगायोग नव्हे. चार पैसे असलेले कुटुंब पोटभर खाते, आजारी मुलाला वेळेवर डॉक्टरकडे नेते. चार पैसे असलेले सरकार नळ टाकते, परिचारिकांचे पगार भागवते. लँट प्रिचेट आणि लॉरेन्स समर्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1996 मधल्या एका गाजलेल्या निबंधात असा हिशेब दिला की, 1980च्या दशकात विकसनशील जगाची आर्थिक वाढ रखडली नसती तर एकट्या 1990 साली पाच लाखांहून अधिक बालमृत्यू टळले असते. शिवाय वाढीविना केलेला कल्याणावरचा खर्च टिकत नाही, कर्ज चढते, परकी मदत आटते आणि उभे केलेले सगळे कोसळते, असेही या पक्षाचे म्हणणे आहे. यात तथ्य आहे. उत्पन्न बिनमहत्त्वाचे आहे असे मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हणत असेल तर त्याची वकिली करणार नाही. वाद एवढाच आहे: गरीब देशातल्या माणसाचे जिणे कसे आहे हे त्या देशाच्या उत्पन्नावरून कळते काय? आणि उत्पन्न आधी, बाकी मागाहून, हा क्रम खरा आहे काय?

कसोटीसाठी दोन देश घेतो: बांगलादेश आणि नायजेरिया.

ही जोडी सोयीची म्हणून निवडलेली नाही. दोन्ही देश प्रचंड लोकसंख्येचे, दोन्ही ब्रिटिशांच्या ताब्यात राहिलेले, दोन्हींनी एकाच सुमारास रक्तरंजित युद्ध पाहिलेले: नायजेरियात 1967 ते 1970 बियाफ्राचे यादवी युद्ध, बांगलादेशात 1971चा मुक्तिसंग्राम. दोन्हीकडे लष्करी उठाव झाले, दोन्हीकडे गणवेशातल्या राज्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे सत्ता भोगली. 1970च्या सुमारास दोन्ही देशांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक पाचव्या वाढदिवसाआधी दगावत, आणि सरासरी आयुर्मान पन्नाशीच्या खाली होते.

बाकी सगळ्यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. नायजेरियाचे क्षेत्रफळ सव्वानऊ लाख चौरस किलोमीटर. बांगलादेशाचे जेमतेम दीड लाख, आणि त्यातलाही मोठा भाग दर पावसाळ्यात पाण्याखाली. नायजेरियात 1956 साली ओलोइबिरी येथे तेल सापडले. 1973च्या तेलसंकटाने जग हवालदिल झाले तेव्हा नायजेरियाच्या तिजोरीत पैशाचा पूर आला. किती? 1975 साली लागोस बंदराबाहेर सिमेंट भरलेली शेकडो जहाजे नांगर टाकून ताटकळत होती, कारण सरकारने बंदर वर्षभरात उतरवून घेऊ शकेल त्याच्या कितीतरी पट सिमेंट मागवून ठेवले होते. त्याच्या आदल्या वर्षी बांगलादेशात दुष्काळ पडला होता आणि सरकारी आकड्यानेच पंचवीस हजारांहून अधिक माणसे मेली होती. इतर अंदाज त्याच्या कितीतरी पुढे जातात. एका देशाकडे उतरवून घेता येणार नाही इतके सिमेंट, दुसऱ्याकडे शिजवायला तांदूळ नाही. त्या वर्षी कोणत्याही समंजस माणसाला विचारले असते की यातला कोणता देश आपली मुले वाचवील, तर उत्तर काय मिळाले असते?

आता 2014 साल पाहा. नायजेरियाचे दरडोई उत्पन्न 3,000 डॉलरच्या वर होते, बांगलादेशाचे 1,100च्या आसपास. म्हणजे जवळजवळ तिप्पट. दोन्ही देशांत एकाच पद्धतीने, घरोघर जाऊन, आयांना विचारून होणारी लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणे आहेत. त्यांतल्या 2013च्या नायजेरियन पाहणीत दर हजार मुलांमागे पाच वर्षांच्या आत मरणारी मुले होती 128. बांगलादेशाच्या 2014च्या पाहणीत 46. उत्पन्न तिप्पट, आणि मृत्यूही जवळजवळ तिप्पट. पुढे 2019 साली बांगलादेशातले सरासरी आयुर्मान सत्तरीच्या पुढे होते, नायजेरियातले पंचावन्नच्या आत. पूर्वपक्षाची ती चढती रेषा या दोन देशांत उलटी पडते.

यावर पहिले उत्तर येते ते तयार कपड्यांच्या कारखान्यांचे. बांगलादेशाने निर्यात वाढवली, लाखो मुली शिलाई यंत्रावर बसल्या, घरात पैसा आला आणि त्यातून आरोग्य सुधारले. म्हणजे शेवटी वाढीनेच काम केले, असा हा युक्तिवाद. बांगलादेशाच्या कारखान्यांचे शर्ट आपल्यापैकी अनेकांच्या अंगावर असतात, त्यामुळे तो पटकन पटतोही. पण तारखा त्याच्या बाजूने साक्ष देत नाहीत. 1975 साली बांगलादेशातली स्त्री सरासरी सहाहून अधिक मुलांना जन्म देत होती. 1993-94च्या पाहणीत हा आकडा 3.4 वर आला होता. इतकी मोठी घट अवघ्या अठरा वर्षांत, आणि त्या वेळी देशाचे दरडोई उत्पन्न 300 डॉलरच्या घरात होते, कपड्यांचा उद्योग नुकताच वाढू लागला होता. त्याच पाहणीत एक ते दोन वर्षे वयाच्या 59 टक्के मुलांना सर्व लसी मिळाल्याचे आढळले. नायजेरियात 1990 साली जननदर 6.0 होता, 2018 साली, तेलाचे इतके चढउतार पाहून झाल्यावरही, 5.3. कारखाने नंतर आले. मुले आधी वाचू लागली होती. मी तर पुढे जाऊन म्हणेन की कमी बाळंतपणे आणि थोडी शाळा वाट्याला आलेल्या मुली गावागावांत होत्या, म्हणून ते कारखाने चालले. कार्यकारणाचा बाण पूर्वपक्ष दाखवतो त्याच्या उलट दिशेनेही धावतो.

मग मुले वाचली कशाने? इथे थोडे थांबावे लागेल, कारण माझ्या पक्षाचा सगळा भार यावर आहे.

ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत 1968 साली डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी दाखवून दिले की मीठ आणि साखर योग्य प्रमाणात घातलेले पाणी पाजून कॉलऱ्याचा रोगी वाचवता येतो. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी तेच हजारोंच्या गर्दीत करून दाखवले. शोध लागला. पण शोध लागणे आणि तो खेड्यातल्या आईच्या हाती पोचणे यांत अंतर असते, आणि गरीब देशांचे बहुतेक शोध या अंतरातच मरतात. फझले हसन आबेद यांनी 1972 साली सिल्हेटकडच्या शाल्ला भागात सुरू केलेल्या ब्रॅक या संस्थेने हे अंतर तोडायचे ठरवले. 1980 ते 1990 या दहा वर्षांत तिच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढे मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. कार्यकर्ती आधी स्वतः करून दाखवी, मग आईकडून करवून घेई. घरातल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून देई. काही दिवसांनी दुसराच माणूस निवडक घरी जाऊन त्या आईला पुन्हा विचारी, तिच्याकडून पाणी बनवून घेई, त्याचा नमुना तपासला जाई. आणि कार्यकर्तीचा मेहनताना ठरे तो तिने किती घरे पालथी घातली यावर नाही, त्या आईला किती आठवते यावर.

सुरुवातीला एवढे करूनही अपयश आले. आयांना सगळे पाठ, पण मुलाला जुलाब झाले की पाणी बनवी ती क्वचितच एखादी. खोदून पाहिल्यावर कळले की शिकवणाऱ्यांचाच त्यावर पूर्ण विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. मग त्यांना प्रयोगशाळेत नेऊन रोगी बरे होताना दाखवले. पुरुषांच्या सभा घेतल्या, कारण घरात नवे काही शिरायचे तर नवरा आणि सासरा यांची संमती लागे. दशक संपेपर्यंत एक कोटी वीस लाखांच्या वर घरे झाली होती. यात खर्च नव्हता असे नाही. पण गूळ घरातला, मीठ घरातले, पाणी घरातले. यासाठी दरडोई उत्पन्न किती हजार डॉलर व्हायची वाट पाहायला हवी होती?

एखादा चिकित्सक म्हणेल की ही एका संस्थेची कहाणी झाली, पुरावा नव्हे. योग्य शंका. तिला मतलबच्या खेड्यांनी उत्तर दिले आहे. ढाक्याच्या दक्षिणेला असलेल्या या भागात जन्म-मृत्यूची नोंद इतकी काटेकोर ठेवली जाते की जगभरचे लोकसंख्याशास्त्रज्ञ तिच्यावर विसंबतात. 1975 साली तिथे गर्भनिरोधक गोळ्या घरोघर वाटण्याचा प्रयोग झाला. वाटप करणाऱ्या बहुतांश वयस्क, निरक्षर दाया होत्या. थोडा फरक पडला आणि विरला. 1977 साली पद्धत बदलली. त्याच गावांतल्या शिकलेल्या, विवाहित, स्वतः साधन वापरणाऱ्या तरुण स्त्रिया नेमल्या. त्या ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा घरी जात, त्रास झाला तर ऐकून घेत, साधन बदलून देत, गरज पडल्यास वर पाठवत. निम्म्या भागात ही व्यवस्था होती. उरलेल्या निम्म्या भागात नेहमीची सरकारी. दोन वर्षांच्या आत पहिल्या भागात साधने वापरणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पोचले. दुसरा भाग बराच मागे राहिला. दोन्हीकडे भात तोच, पूर तोच, धर्म तोच, दारिद्र्यही तेच. फरक होता तो दारात कोण येते आणि पुन्हा येते की नाही याचा. पुढे सरकारने कुटुंब कल्याण सहायिका हजारोंच्या संख्येने नेमल्या त्या याच अनुभवावर. उत्पन्नाच्या सिद्धांताला मतलबचे स्पष्टीकरण देता येत नाही. प्रयत्न करून पाहावा.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे अनोळखी वाटू नये. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात प्रयोगाच्या गावांत नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. नंतर सिल्हेटमध्ये घरपोच नवजात सेवेची चाचणी झाली आणि तिथेही मृत्यूदर 34 टक्क्यांनी उतरला. या प्रयोगांच्या काळात गडचिरोली काही श्रीमंत झाली नव्हती. सिल्हेटच्या त्या खेड्यांचेही तेच.

आता नायजेरियाकडे वळू, कारण पूर्वपक्षाला खरे उत्तर तोच देश देतो. 1985 साली ओलिकोये रॅन्सम-कुटी हे बालरोगतज्ज्ञ तिथले आरोग्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव निम्म्यावर कोसळले, नाणेनिधीच्या धर्तीवरची काटकसर सुरू झाली, लोकांचे उत्पन्न घसरले. अशा काळात या माणसाने मोठ्या इस्पितळांचा हट्ट सोडून प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि लसीकरण यांवर जोर दिला. 1990च्या पाहणीत 30 टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झालेले आढळले. 1992 मध्ये ते पायउतार झाले, पाठोपाठ सानी अबाचा यांची हुकूमशाही आली, केंद्रे ओस पडली. 2003च्या पाहणीत पूर्ण लसीकरणाचे प्रमाण होते 13 टक्के. त्यानंतर तेलाने विक्रमी भाव पाहिले. 2005 साली धनको देशांच्या पॅरिस क्लबने नायजेरियाचे सुमारे 18 अब्ज डॉलरचे कर्जही माफ केले. आणि 2018 साली लसीकरण किती? 31 टक्के. म्हणजे तेल स्वस्त असताना जिथे पोचले होते, तिथेच अठ्ठावीस वर्षांनी, मधल्या सगळ्या सुबत्तेनंतर. आड काठोकाठ भरला होता. पोहरा सोडायला कोणी नव्हते.

पैसा गेला कुठे, हेही सांगायला हवे. पुष्कळसा पेट्रोल स्वस्त ठेवण्यात गेला. 2022 साली इंधन अनुदानावर नायजेरियाने 4 लाख कोटी नायरांहून अधिक उधळले. केंद्राची आरोग्य आणि शिक्षण यांची तरतूद एकत्र केली तरी ती त्याहून कमी भरत होती. स्वस्त पेट्रोलचा लाभ ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांना अधिक, आणि उत्तरेकडच्या केब्बी राज्यातल्या बाळंतिणीला नगण्य. एप्रिल 2001 मध्ये आफ्रिकेतल्या राष्ट्रप्रमुखांनी अर्थसंकल्पाचा 15 टक्के हिस्सा आरोग्याला देण्याचे वचन दिले. ते वचन नायजेरियाच्याच राजधानीत, अबुजात, दिले गेले. नायजेरियाने ते आजवर पाळलेले नाही.

इथे लोक हमखास म्हणतात: भ्रष्टाचार! नायजेरिया भ्रष्ट आहे, म्हणून बुडाला. हे उत्तर इतके आवडते असते की कोणी तपासत नाही. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचारविषयक 2001च्या यादीत 91 देश होते. नायजेरिया शेवटून दुसरा. आणि शेवटचा कोण? बांगलादेश. त्यानंतर 2005 पर्यंत दरवर्षी बांगलादेश तळालाच राहिला. भ्रष्टाचाराने माणसे मरतात यात शंका नाही. पण दोघांत समान असलेले कारण दोघांतला फरक कसा समजावील?

एक आक्षेप मात्र मी आदराने घेतो. नायजेरियात मलेरिया आहे, आणि तो इतका की जगातल्या मलेरियाच्या सुमारे चौथाई रुग्णांचा भार एकटा हा देश वाहतो. शिवाय तिथे अडीचशेहून अधिक भाषिक-वांशिक समूह, संघराज्याची गुंतागुंत. उलट बांगलादेशात बहुतेक सगळे बंगाली बोलतात, एकदा बनवलेला संदेश देशभर चालतो. हे खरे आहे आणि त्याने फरकाचा काही वाटा उलगडतो. पण किती? गोवराची लस न मिळण्याशी डासाचा काय संबंध? जुलाबाने मरणाऱ्या मुलाचे काय? नायजेरियाच्या पोटातच याचे उत्तर आहे. 2018च्या पाहणीनुसार उत्तरेकडच्या केब्बी राज्यात हजारातली 252 मुले पाच वर्षांच्या आत मरत होती. दक्षिणेकडच्या ओगुन राज्यात 30. डास ओगुनमध्येही आहेत. देश एक, केंद्र सरकार एक, तेलाचा खजिना एक.

ओगुन अधिक सधन आहे ना, असे पूर्वपक्षी लगेच म्हणेल. आहे. पण कशामुळे झाले? ओगुन ज्या जुन्या पश्चिम प्रांतात मोडत होते तिथे ओबाफेमी अवोलोवो यांच्या सरकारने जानेवारी 1955 पासून प्राथमिक शिक्षण मोफत केले. तेव्हा ओलोइबिरीचा पहिला थेंबही वर आला नव्हता. पैसा होता कोकोच्या निर्यातीचा, आणि तोही बेताचा. शाळेत गेलेल्या त्या मुलींच्या मुली आणि नाती आज ओगुनमध्ये आया आहेत. उत्तरेकडे असे काही उभे राहिले नाही, आणि नंतर आलेल्या तेलाच्या पैशाने ती दरी भरली नाही. इतिहासाचा हा क्रम उत्पन्नवाद्यांनी एकदा नीट पाहावा.

नायजेरियाला मी कमी लेखतो आहे असा समज होऊ नये. 20 जुलै 2014 रोजी इबोला झालेला एक प्रवासी विमानाने लागोसला उतरला. दीड कोटीहून अधिक वस्तीच्या त्या महानगरात ही आग पसरती तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही. डॉ. अमेयो स्टेला अदादेवोह यांनी दबाव झुगारून त्या रुग्णाला इस्पितळाबाहेर जाऊ दिले नाही, आणि महिन्याभरात त्या स्वतः त्याच रोगाने गेल्या. पोलिओसाठी उभारलेले आपत्कालीन केंद्र आणि त्यातली माणसे रातोरात इबोलाकडे वळवली गेली. संपर्कात आलेल्या सुमारे नऊशे लोकांच्या घरी पथके रोज जात राहिली. अशा भेटी 18 हजारांच्या वर झाल्या. रुग्ण 20, मृत्यू 8, आणि ऑक्टोबरमध्ये देश इबोलामुक्त. ऑगस्ट 2020 मध्ये आफ्रिका नैसर्गिक पोलिओपासून मुक्त जाहीर झाली तेव्हा शेवटचा गड नायजेरियाच होता. इबोलाच्या त्या आठवड्यांत नायजेरियाचे उत्पन्न वाढले होते का? ज्या कामासाठी दारापर्यंत जाणारी माणसे उभी केली, ते काम झाले. ज्यासाठी केली नाहीत, ते राहिले.

परकी मदतीचा मुद्दा लवकर संपवतो. बांगलादेशाला मदत मिळाली, ब्रॅकलाही मिळाली. पण 1974च्या दुष्काळात, क्यूबाला ताग विकल्याच्या रागाने, अमेरिकेने धान्याची जहाजे रोखून धरली होती. इतकी बेभरवशाची ती मदत. आणि तेलातून नायजेरियाने शेकडो अब्ज डॉलर कमावले. बाहेरून आलेला पैसा हेच कारण असेल, तर निकाल उलटा लागायला हवा होता.

उरला तो प्रश्न जो आपल्याकडे हल्ली तावातावाने विचारला जातो: बांगलादेश एवढा चांगला, तर तिथली माणसे सीमा ओलांडून मुंबईकडे का येतात? कारण माणूस मजुरीच्या मागे जातो. केरळातली लाखो माणसे आखातात गेली, ती केरळात मुले मरतात म्हणून नव्हे. मजुरीचा दर आणि मूल जगण्याची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच तर मी इतका वेळ सांगतो आहे.

बांगलादेशाचे गोडवे गाणे हा माझा हेतू नाही. राणा प्लाझाची इमारत 24 एप्रिल 2013 रोजी कोसळली आणि 1,100हून अधिक कामगार गाडले गेले. जुलाब टाळण्यासाठी खोदलेल्या लाखो कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक निघाले. आजही निम्म्याच्या आसपास मुलींची लग्ने अठराच्या आत होतात. 2001 ते 2010 दरम्यान वेगाने उतरलेला मातामृत्यूदर पुढे थबकला, कारण बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला घरी येणारी कार्यकर्ती पुरत नाही. तिथे सुसज्ज दवाखाना लागतो, भूल देणारा लागतो, रक्तपेढी लागते, आणि त्याला पैसा लागतो. या टप्प्यावर उत्पन्नाचा मुद्दा खरा ठरतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. 2024च्या उठावानंतर नेमलेल्या समितीने आधीच्या राजवटीच्या आर्थिक वाढीच्या आकड्यांवरही शंका घेतली. पण ही शंका माझ्या बाजूला धक्का लावत नाही, उलट तिला बळ देते. वाढ सांगितली त्याहून कमी झाली असेल, तर मुले आणखी कमी पैशात वाचली.

वाढीविना कल्याण टिकत नाही, हा पूर्वपक्षाचा अखेरचा बुरूज. बांगलादेशात ते टिकले. लष्करशहा आले, लोकशाही आली, एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या दोन नेत्या आलटूनपालटून सत्तेवर आल्या, पण लसीकरण 1993-94 मधल्या 59 टक्क्यांवरून 2004 मध्ये 73 आणि 2014 मध्ये 84 टक्क्यांवर गेले. नायजेरियाने मात्र वाढ झाल्यावर काय केले ते पाहा. एप्रिल 2014 मध्ये आकडेवारी नव्या आधारवर्षावर मोजल्यावर नायजेरिया ही आफ्रिकेतली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी तिथे राष्ट्रीय आरोग्य कायदा झाला आणि केंद्राच्या महसुलाचा किमान एक टक्का प्राथमिक आरोग्याच्या निधीत टाकणे बंधनकारक ठरले. त्या निधीसाठी अर्थसंकल्पात पहिली तरतूद झाली ती 2018 साली.